पुरी वाचलेली पाटी

डॉक्टरांनी विचारलं, "किती बोटं आहेत, बाई?" मी म्हणलं, "आधी हात तर दाखवा, मंग बोटं सांगते." माझी बोलायची रीतच तशी. कुणी सरळ विचारलं की माझ्या तोंडून तिरपंच निघतं, अन् त्या तिरपेपणावरच मी चाळीस वर्षं वडीगोद्रीत घर चालवलंय. खोलीला काळे पडदे होते. मागं माझी सून शिवकन्या पिशवी धरून उभी होती. तिच्या बांगड्यांचा किणकिण आवाज चालला होता तो थांबला. डॉक्टर म्हणाले, "बाई, हात केव्हाचा तुमच्या नाकापुढंच आहे." उजव्या डोळ्यावर त्यांनी पुठ्ठा धरला होता. डाव्यापुढं काही नव्हतं. काळंसुद्धा नव्हतं. काळं दिसायलाही डोळा लागतो हे मला तेव्हा कळलं. मी हात पुढं केला, चाचपलं, तर खरंच तिथं एक हात होता, कोरडा, औषधाचा वास येणारा. मी त्याची बोटं धरून मोजली अन् म्हणलं, "तीन." कुणी हसलं नाही. हसले असते तर दोन शब्द सुनावून मी मोकळी झाले असते.

पुठ्ठा निघाला तशी खोली परत आली, पण सगळी आली नाही. उजव्यानं मला चांगलं दिसतं असं मी आजवर धरून चालले होते. डॉक्टरांचं तोंड दिसलं, मिशी दिसली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली दिसली, पण ते तोंड कुणाच्या धडावर बसवलंय ते बघायला मान खाली घालावी लागली. त्यांचे हात कुठं गेले ते शोधावे लागले. फुंकणीला डोळा लावून चूल बघावी तसं. डॉक्टरांनी विचारलं, "बाजूचं दिसत नाही, आपटता, असं कधीपासून?" मी म्हणलं, "साठीला टेकले मी. ह्या वयाला माणूस आपटतंच." मागून शिवकन्या म्हणाली, "मागल्या महिन्यात रांजणावर आदळल्या. कपाळ फुटलं व्हतं." मी म्हणलं, "तुला इचारलं का?" ती गप्प झाली. पंधरा वर्षांपूर्वी मॅट्रिक होऊन तिनं माझ्या घराचा उंबरा ओलांडला, अन् त्या दिवसापासून मी म्हणलं गप्प की ती गप्प. गावात बाया नावाजतात मला, की बाई, शिकलेली सून कशी दाव्याला बांधल्यासारखी ठेवली.

मग डॉक्टरांनी मला आडवं निजवलं. डोळ्यांत थेंब टाकले, जरा वेळानं डोळे माझेच असून माझे राहिले नाहीत, अन् त्यावर त्यांनी एक बारकं लोखंडी वजन उभं केलं. त्याला काटा होता. जन्मभर मी दाणे मापून दिले, सालदाराला, बलुतेदाराला, लेकीबाळींना, अन् आता माझ्याच बुबुळावर काटा उभा. वर छताला पालीच्या शेपटासारखा एक डाग होता, तो मी बघत राहिले. डॉक्टर म्हणाले, "काचबिंदू." मी म्हणलं, "पिकला असंल तर काढून टाका. आमच्याकडं म्हणतात, बिंदू पिकल्याबिगर हात लावू नये." ते म्हणाले, "पिकतो तो मोतीबिंदू. तो काढला की परत दिसतं. हा काचबिंदू. डोळ्यातलं पाणी तुंबतं, आत दाब वाढतो, मागची शीर हळूहळू मरते. मेलेली शीर जिवंत होत नाही. डावा तर गेला. उजव्यात आहे तेवढं कसं टिकवायचं ते बघू." गेलेली एसटी गेली म्हणून सांगावं तशा आवाजात ते बोलले. मी पदर नीट केला. मला वाटलं, आता विचारायला पाहिजे काही. काय विचारतात अशा वेळेला? मी विचारलं, "चहा घेतला का तुम्ही सकाळपासून?" डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं अन् बघणं लगेच काढून घेतलं.

"जुना कागद आहे काही? आधी कुणाला दाखवलं होतं?" शिवकन्येनं पिशवीतून कागद काढला. ती कागद कधी टाकत नाही. डॉक्टरांनी तो दिव्याखाली धरला, एकदा वाचला, परत वाचला. "हा तर इथलाच. दोन वर्षांपूर्वीचा. डावा डोळा, पूर्ण. उजवा डोळा, पूर्ण. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंय." आतली हवा बदलली. ते माझ्याशी बोलत नव्हते, कागदाशी बोलत होते. "दोन वर्षांत पूर्णाचा शून्य?" मग दाराकडं तोंड करून त्यांनी आपल्या नोकराला हाक मारली, "भिवा!" अन् आम्हाला म्हणाले, "तुम्ही बाहेर बाकावर बसा. बोलावतो."

बाहेर बाकावर डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेली माणसं ओळीनं बसली होती, लग्नात रुसल्यासारखी. डेटॉलचा वास होता अन् त्याच्यावर कुणाच्या तरी शिदोरीतल्या लसणाच्या चटणीचा. माझा लेक सर्जेराव आमच्यासंगं आला नव्हता. आणीबाणीच्या त्या वर्षी आमच्याकडची बाप्ये माणसं कुठल्याच दवाखान्याची पायरी चढत नव्हती, निजवतील अन् नसबंदी करून उठवतील म्हणून. डोळ्याचा दवाखाना असो का दाताचा. मी त्याला म्हणलं होतं, "अरे, माझा डोळा तपासायचाय, तुझं काय तपासत्यात?" तर म्हणाला, "माय, डेटॉलचा वास आला की मला भरोसा न्हाई." म्हणून आम्ही दोघी बाया सकाळच्या एसटीनं जालन्याला आलो. स्टँडवरनं चालत येताना डावीकडून एक सायकल माझ्या खांद्यात घुसली, अन् सायकलवाला म्हणाला, "माय, एवढी घंटी वाजवली, सरळ माझ्या अंगावरच आलात की." मी त्याच्या सात पिढ्या काढल्या. शिवकन्येनं काही न बोलता माझ्या डाव्या अंगाला येऊन चालायला सुरवात केली. तिला कसं कळलं कुठल्या अंगाला यायचं, हे मी तेव्हा मनात येऊ दिलं नाही.

आतून भिवाचा आवाज येत होता, "न्हाई साहेब, मी असं कसं करीन," अन् डॉक्टरांचा येत नव्हता, म्हणजे ते हळू बोलत होते, म्हणजे ते फार चिडले होते. हळू बोलणाऱ्या माणसाचं मला कळतं. मी बाकावर बसून समोरच्या भिंतीकडं बघत होते. ती डोळे तपासायची पाटी तिथंच होती. दोन वर्षांपूर्वी होती तिथंच, खिळ्याला टांगलेली, दोन तोंडांची. एका अंगाला अक्षरं, वर एक मोठं, खाली उतरत बारीक बारीक होत गेलेली. उलट्या अंगाला दाताळ्यासारखी चिन्हं, तीन दात्यांची, कुणाचं तोंड वर, कुणाचं खाली, कुणाचं डावीउजवीकडं. ज्याला अक्षर येत नाही त्यानं बोटानं दाखवायचं, दाते कुठल्या अंगाला आहेत ते.

दुष्काळ सरून वर्ष झालं होतं तेव्हा. सुगीचे दिवस. मी अंगणात सुपानं हुलगे पाखडत होते अन् उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. डोळा मिटला, तर अंगणात संध्याकाळ झाली. दुपारचे बारा वाजले होते, समोर गाय उभी होती, अन् ती गाय पाण्यात पडलेल्या गाईसारखी विरघळत चालली होती. मी सूप खाली ठेवलं. कुसळ काढलं. दुपार परत आली. मग मी कुणी बघत नाही असं बघून आपल्या हातानं उजवा डोळा झाकला, अन् परत संध्याकाळ. असं मी किती दिवस करत राहिले. देवापुढं बसले की एक डोळा झाकायचा, चुलीपुढं, विहिरीवर. रोज संध्याकाळ जरा जास्त. समईभोवती रंगाची कडी दिसायची, डावं कपाळ ठणकायचं. कपाळ ठणकतं एवढंच घरात सांगितलं. सर्जेराव म्हणाला, "चष्मा लागला असंल माय," अन् शिवकन्या मला घेऊन इथं आली.

बाजाराचा दिवस होता, माणूस माणसावर पडत होतं. भिवा पाटीपाशी उभा, कानावर पेन्सिल, हातात वेताची छडी. लुगडं नेसलेली बाई पुढं आली की तो विचारत नव्हता, सरळ पाटी उलटी करून दाताळ्याचं अंग पुढं आणत होता. माझ्या पुढं एक रोजंदारीवरची बाई होती. तिच्या वेळेला तो विसरला अन् अक्षराचंच अंग राहिलं. त्यानं छडी ठेवली, बाई म्हणाली, "दिसत न्हाई, दादा." भिवा म्हणाला, "दिसत न्हाई का येत न्हाई?" सगळी रांग हसली. ती बाईपण हसली, पदरात तोंड घालून. मी हसले. मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले. मग तिला दाताळी दाखवली, ती तिनं भराभरा बोटानं सांगितली, डावा डोळा झाकला तेव्हा सांगितली अन् उजवा झाकला तेव्हा तिला सांगता आली नाहीत, अन् भिवानं तिला आत नेऊन निजवायला सांगितलं. हे मला नंतर आठवलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की गरीब बिचारी, अनपढ.

तिच्यामागं एक टोपीवाले मास्तर होते. त्यांनी अक्षरं वाचली ती वर्गात पोरांना घोकायला सांगावीत तशी, खडखडीत. आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्या. अन् मग माझी पाळी. भिवानं माझं काठापदराचं लुगडं बघितलं अन् पाटीला हात घातला. मी म्हणलं, "थांब. हात काढ तिथून. मी दुसरी पास हाय." तो म्हणाला, "बरं माय." मी म्हणलं, "बरं काय? निजामाच्या राज्यात दुसरी पास. आमच्या माहेरच्या शाळेत पोरींत मी एकटी व्हते, अन् मास्तरानं माझ्या बापाला घरी येऊन सांगितलं, पोरगी हुशार हाय." रांगेत कुणीतरी म्हणालं, "वा." शिवकन्या मागं उभी होती. तिला मी माझं दुसरी पास पंधरा वर्षांत शंभरदा ऐकवलं असेल, मॅट्रिक झालेल्या पोरीला. खरं म्हणजे दुसरीच्या वर्षातनंच बापानं मला उठवून लग्न लावलं, पास का नापास ते कुणी बघितलंच नाही.

डावा झाकला. उजव्यानं मी वाचलं, बोट लावल्यासारखं एकेक, बारक्या ओळीला जरा डोळे ताणले. आलं. मग उजवा झाकला. समोर एक पांढुरकं काही होतं, ताकावर आलेल्या लोण्यासारखं, त्यात ना अक्षर ना दाताळं. "दिसत न्हाई" हे दोन शब्द माझ्या जिभेवर आले, दातापर्यंत आले. अन् मला तो हशा ऐकू आला. आता कुणी हसत नव्हतं, पण मला ऐकू आला. दिसत न्हाई असं कोण म्हणतं ते मला ठाऊक होतं, मीच हसले होते त्यावर. दुसरी पास म्हणून आताच छाती पुढं काढलेली बाई दुसऱ्या श्वासाला म्हणते, दिसत न्हाई. कुणाला खरं वाटलं असतं? म्हणून मी म्हणायला लागले. र, ग, म. प, ल, न, क. एकदा कानावर पडलेली जात्यावरची ओवी मला दुसऱ्यांदा ऐकावी लागत नाही, अन् मास्तरांनी तर दोनदा म्हणलं होतं, वर आत्ताच उजव्यानं मी एकदा वाचलं होतं. शेवटच्या ओळीत मी मुद्दाम अडखळले, "हा ध का घ," असं म्हणून जरा थांबले, म्हणजे वाचल्यासारखं वाटावं. भिवा म्हणाला, "वा माय! तुम्ही मास्तरीण व्हायला पायजे व्हत्या." मी हसले. एसटीत बसून वडीगोद्रीला येईपर्यंत मी खुशीत होते. खिडकीतून वारा येत होता, ऊस भरलेली गाडी मागं पडली, अन् मला बक्षीस मिळाल्यासारखं झालं होतं. गेलेल्या डोळ्याचं वाटत नाही एवढं मला आता त्या खुशीचं वाईट वाटतं. पुरी पाटी वाचणाऱ्याला आत निजवून वजन ठेवत नव्हते. डॉक्टरांनी चिठ्ठी बघितली, बत्ती मारली, पोथीसाठी चष्मा दिला, कागद शिवकन्येनं पिशवीत ठेवला.

मग दोन वर्षं का गप्प राहिले? घरात सांगता आलं असतं. रात्रंदिवस शिवकन्या माझ्या मागंपुढं होती. पण आंधळ्या माणसाचं घरात काय होतं ते मला ठाऊक आहे, कारण ते मी केलंय. माझी सासू पन्नाशीत आंधळी झाली. मी तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, लोक म्हणतात गिरिजानं सासूची सेवा केली. पण ती ओसरीवर बसायची तिथं तिचा पाण्याचा तांब्या असायचा, अन् मी जाता येता तो तांब्या वीतभर सरकवायची. तिचा हात जमिनीवरून फिरायचा, थांबायचा, परत फिरायचा. मी उभी राहून बघायची. बोलायची नाही. तिला कळायचं कुणीतरी आहे. ती म्हणायची, "कोण हाय? कोण हाय तिथं?" मी बोलायची नाही. ह्याच बाईनं मला नवीन नवरी असताना सगळ्या गावाच्या बायांपुढं भाकरी जळाली म्हणून उभं केलं होतं. मला वाटायचं, फिटतंय. अकरा वर्षं ती ओसरीवर बसून "कोण हाय" म्हणत राहिली. किल्ल्या माझ्याकडं, बोलणं माझ्याकडं, दिवस माझ्याकडं, तिच्याकडं तेवढं विचारणं राहिलं. शेवटी शेवटी मी तांब्या सरकवायचं सोडून दिलं, दया आली म्हणून नाही, कंटाळा आला म्हणून. मग माझा डोळा मावळायला लागला तेव्हा मी शिवकन्येकडं बघायला लागले. तिच्या हाताकडं. ती तांब्या कुठं ठेवते ते मी बघत राहिले, दोन वर्षं, अन् तिनं तो रोज तिथंच ठेवला, जराही इकडंतिकडं नाही. त्यानं मला जास्तच भ्याव वाटलं. सूड घेणारी असती तर मला ती ओळखू आली असती.

डॉक्टरांनी आत बोलावलं. भिवा भिंतीला लागून उभा होता, त्याची कानावरची पेन्सिल आता हातात होती. डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं अन् माझ्या अगदी समोर स्टूल ओढून बसले, मला शोधावं लागू नये म्हणून. "बाई, नीट ऐका. तुमच्या उजव्या डोळ्याचं काय करायचं ते एका गोष्टीवर आहे. हा कागद खरा असेल, तर तुमचा आजार फार झपाट्याचा आहे. दोन वर्षांत एक डोळा खाल्ला, म्हणजे दुसऱ्याला वर्षही देणार नाही. मग थेंबांवर थांबून चालायचं नाही, मला उद्याच ऑपरेशन करावं लागेल, डोळ्याला बारीक खिडकी पाडून पाणी वाहतं करायला. पण तुमच्या डोळ्यात आता फार थोडं उरलंय. एवढ्या थोड्या नजरेवर सुरी लावली की कधी कधी ती टेबलावरच विझते. आणि हा कागद चुकीचा असेल, डावा डोळा तेव्हाच गेलेला असेल, तर आजार सावकाशीचा आहे. मग मी सुरीला हात लावणार नाही. थेंबांवर तो डोळा तुम्हाला आणखी दहा वर्षं पुरेल. म्हणून विचारतो. त्या दिवशी तुम्ही पाटी खरंच वाचली होती का, की ह्यानं न बघताच लिहिलं?"

भिवा पुढं झाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "माय, तुम्हीच सांगा. मी तुम्हाला ओळखलं. दुसरी पास म्हणल्या व्हत्या. धडाधडा वाचलं का न्हाई तुम्ही? मी म्हणलं व्हतं, मास्तरीण व्हायला पायजे. सांगा ना साहेबाला. लेकरं हायेत मला." डॉक्टर म्हणाले, "तू गप्प बस." पण भिवाचं तोंड माझ्याकडंच राहिलं, दगडावर पाणी मारत राहावं तसं.

किती सोपं होतं. न्हाई वाचली, पाठ म्हणली. चार शब्द. मी मनात म्हणून बघितले, ते मनातसुद्धा परक्या बाईच्या आवाजात आले. शिवकन्या माझ्या मागं होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. चार शब्द बोलले की डॉक्टर मान हलवणार, भिवा हुश्श करणार का रडणार देव जाणे, अन् ही घरी जाणार, अन् कधीतरी, दहा वर्षांनी का होईना, भाकरी थापताना आपल्या सुनेला सांगणार की आमच्या आत्याबाई, दुसरी पास, पाटी घोकून आल्या अन् डोळा घालवून बसल्या. अन् त्या दोघी हसणार. दोघींच्या हसण्यापायी मी माझा डोळा द्यायला निघाले होते, हे मला दिसत होतं. बाजूचं काही दिसत नव्हतं, हे मात्र लखलखीत समोर. मी म्हणलं, "वाचली व्हती." डॉक्टर म्हणाले, "दोन्ही डोळ्यांनी?" "दोन्ही." "डाव्यानं शेवटची ओळ?" "शेवटची ओळ. एका अक्षराला अडखळले, बाकी बराबर." ते अडखळणं मी त्यांच्यापुढं साक्षीला उभं केलं. भिवानं खाली वाकून माझ्या पायाला हात लावला. त्याच्या पोरांच्या तोंडचा घास वाचवला असं म्हणून घ्यायला जागा होती, अन् घरी गेल्यावर मी तसं सांगणारही होते. पण त्या घडीला भिवा माझ्या मनात नव्हता. त्याच्या जागी दगड उभा असता तरी मी हेच बोलले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका नर्सबाईनं उजव्या डोळ्याच्या पापण्यांचे केस कात्रीनं कापले. बाजूच्या खाटेवर एक म्हातारा विचारत होता, "बाई, किती वाजले, उजाडलं का," अन् त्याची बायको म्हणत होती, "उजाडलं, उजाडलं, किती बारी सांगू." शिवकन्या माझ्या पायथ्याशी बसली होती. ती कधी बोलायला लागली ते मला आधी कळलंच नाही, इतकी हळू बोलत होती. "आत्याबाई, एक बोलू का? त्या दिवशी मी मागं उभी व्हते. उजवा डोळा झाकल्यावर तुम्ही पाटीकडं बघतच नव्हत्या. तुमचं तोंड खिडकीकडं व्हतं. पाटी ह्या भिंतीला, अन् तुम्ही खिडकीकडं तोंड करून अक्षरं म्हणत व्हत्या. भिवाची नजर छडीवर व्हती." पिंपळाचं पान पाठीवर पडल्यासारखं झालं मला, एवढंसं. मी म्हणलं, "दोन वर्षं तुझ्या तोंडात काय कोंबलं व्हतं?" ती म्हणाली, "तुम्हाला खोटं पाडायचं म्हणजे... त्या घरात कुणाची छाती हाय, आत्याबाई? एसटीत एकदा म्हणणार व्हते. तुम्ही खुशीत व्हत्या. मंग रोज, उद्या म्हणू, असं म्हणत ऱ्हायलं." तिच्या आवाजात राग असता तर मी तो धरून उठून बसले असते. नव्हता. दोन वर्षं तिनं माझ्या डाव्या अंगाची शिडी, विळी, पाटा, सगळं मुकाट्यानं बाजूला केलं होतं, अन् मी तांब्यावर नजर ठेवून बसले होते.

"मी सांगू का डॉक्टरसाहेबाला? अजून येळ हाय. तुम्ही नका बोलू. मी बोलते. म्हणते, माझी चूक, मी ध्यानात आणून दिलं न्हाई." एवढं एका दमात ती पंधरा वर्षांत बोलली नव्हती. मी तिचं तोंड शोधलं, सापडलं, कपाळ सापडलं, कुंकू सापडलं. अन् माझ्या तोंडून निघालं, चाळीस वर्षांचं पाठ असलेलं तोंड ते, मी त्याला थांबवायच्या आधीच बोलून गेलं, "माझ्या गळ्याची शपथ हाय तुला. बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मग दोघीजणी चाललो. तिनं माझा डावा दंड धरला होता. ऑपरेशनच्या खोलीच्या दारात पाण्याचा आवाज येत होता, डॉक्टर कोपरापर्यंत हात धूत होते. ते तसेच ओले हात वर धरून दाराशी आले. म्हणाले, "बाई, आत्ता तरी सांगा. एकदा हात लावला की मग मागं घेता येत नाही. काही सांगायचं राहिलंय?" मी वाट बघत होते. माझ्या दंडावरची तिची बोटं घट्ट झाली, ती श्वास आत घेत होती, मला तो ऐकू येत होता, अन् उभ्या जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, हिनं माझं ऐकू नये. शपथ मोडावी. माझ्या तोंडावर, ह्या परक्या माणसापुढं, मला खोटं पाडावं. बोल गं बाई. बोल.

"काही न्हाई, डॉक्टरसाहेब," शिवकन्या म्हणाली. "आत्याबाई सांगतात तेच बराबर हाय." अन् तिनं माझा दंड सोडला.